शनिवार, दुपारी दोन चौतीस

सर्व्हर पहिल्यांदा बंद पडला तेव्हा मी संशय घेतला तो मावशींवर.

मावशी म्हणजे आमच्या ऑफिसात सकाळी कुलूप उघडणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या आणि चहा ठेवणाऱ्या बाई. ऑफिस दापोलीत, आंबा बागायतदारांच्या एका छोट्या संघाचं. तालुक्यातल्या बागांमध्ये संघाने खांबांवर हवामान मोजणारी यंत्रं बसवली होती. पानांवर ओल किती वेळ राहिली, हवेत दमटपणा किती, पहाटे पारा किती उतरला, हे सगळं त्या यंत्रांकडून सिमकार्डावरून आमच्या सर्व्हरकडे यायचं. दुपारी अडीचला सर्व्हर आकडेमोड सुरू करायचा आणि तीनच्या ठोक्याला प्रत्येक बागायतदाराच्या फोनवर संदेश जायचा: उद्या तुडतुड्यांसाठी फवारणी करा, किंवा थांबा. मोहोराच्या दिवसांत लोक त्या संदेशाकडे डोळे लावून बसत.

मी तिथे नोव्हेंबरात लागले होते. त्याआधी अकरा वर्षं पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळत होते. तिथल्या कामाने मला एक सवय लावली होती. काही बिघडलं की पहिला प्रश्न, शेवटचा हात कोणाचा लागला? एकदा माझ्याच नावाने कोणीतरी आत शिरून गोंधळ घातला होता आणि महिनाभर मला खुलासे लिहावे लागले होते. तेव्हापासून मी माणसांपेक्षा नोंदींवर जास्त भरवसा ठेवायला लागले. माणूस विसरतो, सारवासारव करतो. मशीन जे घडलं ते वेळ घालून लिहून ठेवतं, असं मी धरून चालले होते.

दापोलीचा सर्व्हर म्हणजे टेबलाखाली मावेल एवढी काळी पेटी. पूर्वी फवारणीचे पंप ठेवायचे त्या मागच्या खोलीत ती ठेवलेली. मशीन लिनक्स या संगणकप्रणालीवर चालायचं. ते बसवलं होतं एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी. सर बुरोंडीला राहायचे. निवृत्तीनंतर पुस्तकं वाचून लिनक्स शिकले आणि सहा वर्षं एसटीने ये-जा करून, हौसेने, त्यांनी ही सगळी व्यवस्था उभी केली. संघाचं काम वाढलं तेव्हा कमिटीने पगारी माणूस ठेवायचं ठरवलं आणि मी आले. सरांनी मला दोन दिवस बसून सगळं समजावलं. "अडलं तर फोन कर. लाजू नकोस," असं म्हणाले. ऑफिसची एक किल्ली त्यांच्याकडे राहिली आणि मशीनवरचं त्यांचं खातंही मी चालू ठेवलं.

जानेवारीत एका मंगळवारी तीन वाजून गेले तरी संदेश गेले नाहीत. मागच्या खोलीत जाऊन बघते तर पेटी गप्प. पंखा बंद, दिवा बंद. बटण दाबलं तर काही नाही. पेटीच्या मागची वायर काढून परत लावली, मग सुरू झाली.

मी लगेच नोंदी उघडल्या. लिनक्स कोसळतं तेव्हा सहसा काहीतरी बोलून जातं. मेमरीत दोष असेल तर तसं लिहितं, डिस्क वाचता येत नसेल तर त्याची ओरड असते, आतला गाभाच फसला तर पानभर मजकूर सोडतं. इथे काहीच नव्हतं. दोन वाजून अडतीस मिनिटांपर्यंत सगळं सुरळीत, आणि त्यानंतर एकदम नव्याने सुरू झाल्याची ओळ. बोलता बोलता कोणीतरी तोंडावर हात ठेवावा तसं. असं एकाच कारणाने होतं. वीज तुटते.

वीज तर गेली नव्हती. यूपीएस मी तपासला; त्याला टेबलफॅन आणि दोन बल्ब जोडले आणि भिंतीतला प्लग काढला, तर तो वीस मिनिटं निमूट चालला. मग राहिलं काय? कोणीतरी वायर ओढली. त्या खोलीत मावशी झाडू ठेवत.

शुक्रवारी पुन्हा तेच झालं. पावणेतीनच्या सुमाराला. मी मावशींना विचारलं, "मागच्या खोलीत गेला होतात?"

"मी नाय हात लावत त्या पेटीला," त्या म्हणाल्या. "सरांनी पयल्याच दिवशी सांगितलंय."

मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. त्याच दिवशी मी प्लगपासून भिंतीपर्यंत एक बारीक काळा दोरा चिकटवला. कोणी प्लग हलवला तर दोरा तुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, तो दोरा माझ्यासाठी लावलाव काय?" मी काहीतरी उत्तर दिलं, कोळ्याचं जाळं असेल असं काहीसं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि चहा ठेवून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी विचारलं तेवढंच बोलू लागल्या.

तो शनिवार होता. शनिवारी ऑफिस एक वाजता बंद व्हायचं, सर्व्हर मात्र चालू राहायचा. शुक्रवारी रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची केबल तुटली होती, पण आमचे संदेश सिमकार्डावरून जात असल्याने मला त्याची फिकीर नव्हती. घरी जाण्याआधी मी सरांना फोन केला. मशीन नेमकं संदेश जाण्याच्या आधी मरतंय, तेव्हा संदेश पाठवणारा त्यांचा प्रोग्रॅम एकदा बघून जाल का, असं विचारलं.

"सोमवारी येतो सकाळच्या गाडीने," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी मला एका बागेत यंत्र दुरुस्त करायला जायचं होतं. मी ऑफिसात साडेबाराला पोचले. मावशी म्हणाल्या, "सर येऊन गेले." त्याखेरीज काही नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला, प्रोग्रॅममध्ये दोष दिसला नाही, असं ते म्हणाले. त्या दिवशी तीनला संदेश बरोबर गेले. शनिवारचा संदेश आला नव्हता अशा दोन तक्रारी मात्र आल्या होत्या.

मंगळवारी मशीन पुन्हा मेलं. दोरा जागच्या जागी होता. म्हणजे मावशी सुटल्या. मग मी मशीनमध्ये कोण कधी शिरलं याची यादी काढली. मी ती यादी तीनदा वाचली.

शनिवार, दुपारी दोन चौतीस. मशीन बंद, आणि त्याच मिनिटाला पुन्हा सुरू. दोन सदतीसला सरांच्या नावाने प्रवेश. बाहेरून, दूरवरून नव्हे. मशीनला जोडलेल्या कीबोर्डवरून. तीन छपन्नला बाहेर.

शनिवारी दुपारी ऑफिसला कुलूप होतं. किल्ल्या तिघांकडेच: मावशी, मी आणि सर.

पुढचं त्याहून वाईट होतं. शनिवारी संध्याकाळी साडेपाचनंतर नोंदीच नव्हत्या. एकदम सोमवारी दुपारी एकपासून पुढे. पावणेदोन दिवस कोणीतरी खोडून टाकल्यासारखे. आणि सोमवारी सर आले होते, हे मला माहीत होतं, तर सोमवारी त्यांच्या नावाची एकही नोंद नाही. मग ते सोमवारी आले कशाला? खाडाखोड करायला, हे उत्तर मला इतक्या सहज सुचलं की ते आपण सुचवलंय असं वाटलंच नाही. ते जणू यादीतच लिहिलेलं होतं. शनिवारी तीनला संदेश गेल्याची नोंद होती आणि लोक म्हणत होते की शनिवारी काही आलं नाही. ती नोंद मी दिखाव्याची ठरवली.

कारणही मला सापडलं. सहा वर्षं फुकट राबलेला माणूस, आणि त्याच्या जागी पुण्याहून पगारी बाई येते. ती अपयशी ठरली तर कोणाला बरं वाटेल? मशीन नेहमी अडीच ते तीनच्या मधेच पडतं, आणि बुरोंडीहून येणारी गाडी दापोलीत दुपारी सव्वादोनला पोचते. हेसुद्धा मी कागदावर लिहून अधोरेखित केलं होतं.

बुधवारी मी यादी छापून अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष वयस्क बागायतदार, सरांचे जुने स्नेही. त्यांनी कागद लांब धरून वाचला. "मला यातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण सर असं करणार नाहीत."

"काका, मी म्हणत नाहीये. मशीन म्हणतंय," मी म्हणाले.

त्यांनी सरांना गुरुवारी बोलावून घेतलं. त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. त्यांच्या माहेरी सत्यनारायण होता. ऑफिसात आम्ही तिघंच. सर खांद्याला कापडी पिशवी लावून आले, पिशवीतून त्यांनी माझ्यासाठी आणलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. बोलायचं मलाच होतं.

"सर, शनिवारी दुपारी तुम्ही इथे आला होतात?"

"शनिवारी? नाही. सोमवारी आलो होतो. तूच बोलावलंस ना."

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा बदलला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं.

"नाव माझंच आहे," ते म्हणाले. "पण मी शनिवारी घरी होतो. सोमवारी आलो तेव्हा मशीन बंद होतं. पेटीच्या मागची वायर काढून लावली, सुरू केलं, तो प्रोग्रॅम बघितला आणि गेलो. मावशींना सांगून गेलो होतो."

"सोमवारी सकाळी मशीन सुरू झाल्याची नोंद नाही, सर. तुम्ही आत आल्याचीही नाही."

"असं कसं होईल?" त्यांनी कागद खाली ठेवला. "घड्याळ बघितलंस का मशीनचं?"

ते मी बघितलं होतं. तरी त्यांच्यासमोर पुन्हा बघितलं. मागच्या खोलीत तिघंही उभे राहिलो, मी मशीनला वेळ विचारली, अध्यक्षांनी आपला फोन शेजारी धरला. सेकंदाला सेकंद जुळत होता.

"घड्याळ बरोबर आहे," मी म्हणाले. मला आठवतं, ते म्हणताना माझ्या आवाजात जिंकल्याचा सूर होता.

सरांनी पडद्याकडे बघितलं, मग कागदाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल अशी माझी अपेक्षा होती. राग नव्हता. एखाद्याला ओळखीच्या रस्त्यावर अचानक वळण सापडेनासं व्हावं, तसं काहीतरी होतं. मी त्याचा अर्थ लावला: पकडले गेले.

"हा कागद मी नेऊ का?" त्यांनी विचारलं. मग पिशवीतून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे असू द्या, मॅडम."

मला ते तोवर कधी मॅडम म्हणाले नव्हते. ते गेल्यावर अध्यक्षही उठले. मी सरांचं खातं बंद केलं, बाहेरचं कुलूप बदललं आणि त्या रात्री शांत झोपले.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी मुद्दाम मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले. दोन एकेचाळीसला आतून 'तट्' असा आवाज आला, पंखा थांबला आणि जळक्या रबरासारखा किंचित वास आला. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं. कुलूप नवं होतं. दोरा साबूत होता.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. पण मला वाटलं ते असं, की सरांनी आत काहीतरी पेरून ठेवलंय. ठरल्या वेळी मशीन पाडणारं काहीतरी. त्या वासाचा मी त्या दिवशी विचारच केला नाही, जाणूनबुजून नाक वळवल्यासारखा. दोन दिवस मी त्यांनी सहा वर्षांत लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. वाचताना शोधत होते लबाडी आणि सापडत होता एक शिक्षक. प्रत्येक तुकड्यावर मराठीत टीप: हे का केलं, कोणत्या बागेतल्या यंत्रामुळे करावं लागलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'हा भाग मला नीट जमलेला नाही. पुढच्या माणसाने तपासावा.' पुढचा माणूस म्हणजे मी. ते वाचून मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, किती सावधपणे साळसूद लिहिलंय.

पेरलेलं काही सापडलं नाही.

त्याच आठवड्यात मी आंजर्ल्याला गेले. तिथल्या एका बागेतलं यंत्र चुकीचा दमटपणा दाखवत होतं. बाग बघणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, नवरा मुंबईला नोकरीला, बागेचं सगळं त्याच करायच्या. मी खांबावरून खाली उतरले तोवर त्यांनी ताक आणून ठेवलं होतं.

"तुमच्या मेसेजांचं काय चाललंय हल्ली?" त्यांनी विचारलं. "कधी येतात, कधी नाही. एक तर उलटाच आला."

"उलटा म्हणजे?"

"सोमवारी सकाळी आला, आणि आत तारीख शनिवारची. उद्या रविवारी फवारणी करा म्हणून. मी म्हटलं, रविवार तर झाला की."

मी फोन बघायला मागितला. त्यांनी शोधून दाखवला. संदेशात वरती शनिवार लिहिलेला, आमचं मशीन प्रत्येक संदेशात तारीख घालतं तसा. आणि त्यांच्या फोनवर तो आल्याची वेळ सोमवार, सकाळी दहा एकतीस.

मी ताकाचा पेला खाली ठेवला. आमच्या नोंदीत तो संदेश शनिवारी तीन वाजता गेला होता. मी ज्याला दिखाव्याची नोंद ठरवलं होतं, तोच हा संदेश. तो खरंच गेला होता, पण सोमवारी सकाळी. म्हणजे सोमवारी सकाळी साडेदहाला आमचं मशीन असं समजत होतं की आज शनिवार आहे आणि दुपारचे तीन वाजलेत.

"काय झालं हो? चेहरा असा का झाला?" बाईंनी विचारलं.

"आमचं घड्याळ चुकलं होतं," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत मी वहीत सगळं पुन्हा मांडलं. मशीनच्या आत एक बटणाएवढी बॅटरी असते. वीज नसतानाही घड्याळ चालू राहावं म्हणून. ती बॅटरी संपली असेल, तर वीज तुटली की घड्याळही हरवतं. पुन्हा सुरू होताना लिनक्स आपल्याला माहीत असलेली शेवटची वेळ धरतं आणि तिथूनच पुढे मोजायला लागतं. मग इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की गुपचूप घड्याळ दुरुस्त करून घेतं. आणि त्या दिवसांत केबल तुटलेली होती, सोमवारी दुपारी एकला जोडली गेली. त्यामुळे मी जेव्हा जेव्हा घड्याळ बघितलं, तेव्हा तेव्हा ते बरोबर होतं.

म्हणजे शनिवारी दोन चौतीसला मशीन एकटंच, कुलपाआड बंद पडलं. सोमवारी दहाच्या सुमाराला सरांनी ते सुरू केलं, तर मशीनच्या लेखी अजून शनिवारचे दोन चौतीसच होते. खोडलेले पावणेदोन दिवस कोणी खोडले नव्हते. ते मशीनने कधी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी चहा घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, "त्या सोमवारी सर आले तेव्हा मशीन चालू होतं का?"

"बंदच होती ती पेटी. सरांनी मागची वायर काढली, परत लावली, मग चालू झाली. मला म्हणाले, मॅडमना सांगा."

"मग तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इचारलाव कुठे?" मावशी म्हणाल्या. "आणि मी सांगितलं असतं तर खरं धरलं असतंव?"

मी चहा तसाच ठेवून मागच्या खोलीत गेले.

मी खात्री करून घेतली, कारण आता माझा स्वतःवरही भरवसा उरला नव्हता. इंटरनेटची वायर काढली, मशीन बंद केलं, प्लग काढून ठेवला आणि तासाभराने पुन्हा सुरू केलं. मशीनचं घड्याळ बरोबर एक तास मागे होतं. मावशींना बोलावून तेही दाखवलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि फक्त "हां" म्हणाल्या.

मग मी तो वास आठवून पेटीतला पॉवर सप्लाय बाहेर काढला. वीज आत घेऊन मशीनला पुरवणारा हा डबा. उघडून बघितला तर आतले वीज साठवणारे दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. अडीचला आकडेमोड सुरू झाली की मशीनला जास्त वीज लागायची, आणि हा आजारी डबा तेवढी देऊ शकत नव्हता. कधी तग धरायचा, कधी मान टाकायचा. मंगळवार, शुक्रवार, शनिवार, सगळ्या वेळी हेच. हे मला पहिल्याच दिवशी बघता आलं असतं. पेटीला चार स्क्रू होते. मी ते न काढता दोरा चिकटवला होता.

नवा पॉवर सप्लाय पुण्याहून कुरिअरने आला. बटणाची बॅटरी बाजारातल्या घड्याळजीकडे मिळाली. त्यानंतर मशीन आजतागायत असं पडलेलं नाही.

मी अध्यक्षांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो." मग आपणहून म्हणाले, "पण बोलून गप्प बसलो. तेही बरोबर नाही झालं." कमिटीसाठी मी पत्र लिहून दिलं, त्यात चूक माझी असल्याचं स्पष्ट लिहिलं, आणि पुढच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं.

रविवारी मी बुरोंडीला गेले. फोन करून जावं की न जावं यात दोन दिवस घालवले होते. शेवटी न कळवताच गेले, कारण फोनवर ते 'नको' म्हणाले असते तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं, हे मला ठाऊक होतं.

दार सरांच्या पत्नींनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. सर ओटीवर झोपाळ्यापाशी खुर्चीत होते. समोरच्या स्टुलावर माझा तो छापलेला कागद. घड्या पडून कडा मऊ झालेल्या.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. घड्याळ, बॅटरी, केबल, आंजर्ल्याचा संदेश, फुगलेले कपॅसिटर. "सर, तुम्ही शनिवारी आला नव्हतात. तुम्ही म्हणालात तसंच झालं होतं. मी चुकले."

बोलल्या त्या त्यांच्या पत्नी.

"तुम्हाला माहीत आहे काय झालं इथे? हे दापोलीहून आले आणि मला विचारलं, शनिवारी मी कुठे होतो. मी म्हटलं, घरी. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन विचारून आले. मला म्हणतात, तुला नक्की आठवतंय ना, मी दापोलीला गेलो असेन आणि विसरलो असेन. यांच्या वडिलांना शेवटी काही आठवत नव्हतं. तेच आपल्याला लागलं, असं यांनी मनात घेतलं. डॉक्टरकडे जाऊन आलो आम्ही परवा."

मी सरांकडे बघितलं. गुरुवारी त्यांच्या चेहऱ्यावर जे बघून मी 'पकडले गेले' म्हणाले होते, ते काय होतं हे मला आत्ता कळत होतं. मी त्यांच्यावर संशय घेतला होता आणि त्यांनी, इतकी वर्षं मोजमापांवर विश्वास ठेवलेल्या माणसाने, कागद खरा धरून स्वतःवर.

"बसा," सर म्हणाले. मी पायरीवर बसले.

"मला घड्याळाचीच शंका आली होती," ते हळू म्हणाले. "पण ते बरोबर निघालं. तिथे माझं संपलं. मी त्यापुढे विचार करायला हवा होता. आज बरोबर आहे, म्हणजे तेव्हा बरोबर होतं असं नाही."

"तो विचार माझा होता करायचा, सर."

"हो," ते म्हणाले. "तुमचाच होता."

त्यांनी ते इतक्या साधेपणाने म्हटलं की मला पुढे माफीचे शब्द जोडता आले नाहीत. मी पिशवीतून त्यांची किल्ली काढली, नव्या कुलपाची. त्यांनी ती हातात घेतली नाही.

"किल्ली नको. आता येण्याजाण्याचा उत्साह नाही राहिला. अडलं तर फोन करा, सांगेन." मग स्टुलावरचा कागद उलटा करून त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेन दिलं. "एक करा. खरं काय झालं ते या मागच्या बाजूला लिहून द्या. वेळा घालून. खाली सही करा."

मी लिहिलं. शनिवार, दुपारी दोन चौतीस: वीज तुटून मशीन आपोआप बंद. ऑफिसला कुलूप, आत कोणी नाही. सोमवार, सकाळी दहा पाच: सरांनी मशीन सुरू केलं. दहा आठ: आपल्या खात्याने प्रवेश. अकरा सत्तावीस: काम संपवून बाहेर. सोमवार, दुपारी एक: इंटरनेट आल्यावर घड्याळ दुरुस्त. खाली सही केली.

सरांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला, एक एक ओळ, वर्गात वाचून दाखवावी तशी. पहिल्या ओळीपाशी परत गेले आणि पत्नीकडे वळले.

"शनिवारी मी घरी होतो," ते म्हणाले.

"अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होतात," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपत चहा ठेवायला आत गेल्या.